मक्याच्या शेताखालचा मेढेकोट

ब्रॅम्पटनच्या आंबेडकर मंडळात पद्मा रंगारीची ओळख करून देताना लोक जरा अडखळायचे. मंडळातले बहुतेक जण सॉफ्टवेअरमध्ये, दोघंतिघं बँकेत, एक जण डेंटिस्ट. आणि पद्मा काय करते, तर माती खणते. नव्याने आलेल्या एखाद्या कुटुंबाला हे सांगताना कुणीतरी हळूच पुस्ती जोडायचं, की तशी एम.ए. आहे हो, नागपूर विद्यापीठाची. पद्मा त्यावर नुसती हसायची. उन्हाने रापलेला चेहरा, तळहाताला पडलेले घट्टे आणि कितीही घासली तरी कडेला काळसर राहणारी नखं, यातलं काहीच ती लपवत नसे.

ती मूळची भंडारा जिल्ह्यातली. वैनगंगेपासून कोसभर आत असलेल्या तिच्या गावात मातीची एक जुनी गढी होती. गढीभोवती गाव, आणि गाव संपल्यावर नाल्यापल्याड बौद्धांची वस्ती. गढी कुणी बांधली हे कुणालाच धड सांगता येत नसे. एखाद्या गोंड राजाचं नाव घेऊन लोक मोकळे व्हायचे. लहानपणी पद्माने ती पाहिली ती लांबूनच. आत जायला कुणी अडवलं असतं असं नाही, काळ बदलला होता. पण आई कधी गेली नव्हती, आजी कधी गेली नव्हती, त्यामुळे तिचेही पाय तिकडे वळले नाहीत. पुढे नागपूरला पुरातत्त्व शिकताना ती पहिल्यांदा गढीवर चढली, तेव्हा तिच्या हातात मोजपट्टी होती आणि सोबत वर्गातल्या चार मुली होत्या.

एम.ए.नंतर विदर्भातल्या एका उत्खननावर तिने एक हंगाम काम केलं. मग प्रफुल्लशी लग्न झालं. तो नागपूरचाच, कॉम्प्युटर इंजिनिअर. २००१ साली दोघं कॅनडात आले. प्रफुल्लला एटोबिकोत नोकरी लागली, वर्षभरात ऊर्मी झाली, आणि ऊर्मी डेकेअरला जायला लागल्यावर पद्मा ब्रॅम्पटनच्या एका वेअरहाऊसमध्ये खोकी पॅक करू लागली. आपण शिकलेलं आता इथे कुणाच्या काय कामाचं, असं म्हणून तिने तो विषय मनातून काढूनच टाकला होता. या देशात जुनं असं असणार तरी काय? चर्चवर कोरलेली सालं बघितली तर तिच्या गावातली चिंच त्याहून म्हातारी होती.

तिची ही समजूत किती चुकीची होती हे कळायला तीन वर्षं लागली. एकदा शेजारणीबरोबर बसमध्ये गप्पा मारताना तिला कळलं, की ओंटारिओत नवी घरं बांधायची तर आधी जमीन तपासून घ्यावी लागते. जमिनीखाली जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या, तर त्या नीट खणून, नोंदवून मगच बुलडोझर आत जातो. शेजारणीची भाची त्याच कामावर होती. पद्माने त्याच आठवड्यात अप्लाय केलं.

मुलाखत घेतली ती हेदर नावाच्या पन्नाशीच्या बाईने. उंच, किरकोळ, बोलणं कमी. पद्माने आधी कुठे खणलंय, असं तिने विचारलं. विदर्भात, मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, असं पद्माने सांगितलं. हेदर म्हणाली की इथे ऊन कमी आहे पण डास फार आहेत. एवढ्यावर नोकरी पक्की झाली.

पहिलं वर्ष रटाळ गेलं. शेतात ओळीने छोटे खड्डे घ्यायचे, माती चाळायची, काही नाही मिळालं की पुढे सरकायचं. बहुतेक वेळा काही मिळत नसेच. मिळालं तर शेतकऱ्यांच्या घरातले गंजलेले खिळे, फुटक्या बशा. प्रफुल्ल गमतीने विचारायचा, की आज कुणाची कपबशी सापडली? तीही हसायची. पण सहा वर्षांनी हातात परत थापी आली होती, आणि घरी येताना बुटांना लागलेल्या मातीचा वास तिला बरा वाटायचा.

मग २००५ चा उन्हाळा आला. रिचमंड हिल या गावाच्या उत्तरेला, दोन ओढ्यांच्या बेचक्यातल्या एका उंच सपाट शेतावर हेदरची टोळी गेली. तिथे पिढ्यानपिढ्या मका होत होता. नांगरटीनंतर पाऊस पडला की खापऱ्यांचे तुकडे वर येतात, असं जुना शेतमालक सांगायचा. आता शेत बिल्डरकडे गेलं होतं आणि तिथे घरांची वसाहत उभी राहायची होती. यंत्राने नांगरटीचा काळा थर अलगद सोलून काढला. खाली पिवळसर, वाळूमिश्रित माती लागली. सहा जणांनी ओळीत उभं राहून धारदार फावड्यांनी ती तासायला सुरुवात केली. दिसेल ते घाईत पुसलं जाऊ नये म्हणून मागे मागे सरकत, दाढी करावी तितक्या हलक्या हाताने.

पद्माच्या फावड्यापुढे एक गोल डाग आला. बशीएवढा, गडद तपकिरी. त्याच्या शेजारी वीतभर अंतरावर दुसरा. मग तिसरा. तिने मान वर करून पाहिलं, तर तिच्या डावीकडे आणि उजवीकडे सगळेच खाली वाकून बघत होते. प्रत्येकापुढे तसेच डाग होते. एकापुढे एक, किंचित वळत जाणारे, आणि त्यांच्या मागे समांतर दुसरी रांग, तिच्या मागे तिसरी.

हेदर सावकाश चालत आली. तिने एक डाग अर्धा कापायला सांगितला. उभ्या छेदात तो खाली निमुळता होत गेलेला दिसला. जमिनीत रोवलेलं लाकूड कुजून गेलं होतं, आणि त्याने सोडलेल्या पोकळीत काळी माती भरून राहिली होती. लाकडाचा कण शिल्लक नव्हता. त्याची जागा तेवढी मातीने धरून ठेवली होती, पाचशेहून अधिक वर्षं.

“कुंपण आहे?” टोळीतल्या एका नव्या मुलीने विचारलं.

“तट आहे,” हेदर म्हणाली. “गावाभोवतीचा.”

पद्माच्या मनात एकदम जुना मराठी शब्द आला: मेढेकोट. जमिनीत मेढी रोवून उभारलेला लाकडी कोट. हा शब्द तिने वर्गात कधीतरी ऐकला होता; त्याला जोडायला डोळ्यांपुढे चित्र नव्हतं. आता ते पायाशी होतं. ती खाली बसली आणि तिने त्या डागावर तळहात टेकवला. माती गार होती. कुणीतरी दगडी कुऱ्हाडीने एक सीडरचं झाड तोडलं असेल, फांद्या छाटल्या असतील, इथवर वाहून आणलं असेल, खड्डा घेऊन रोवलं असेल, आणि मग लगेच दुसरं आणायला गेलं असेल. आणि असे किती? तिने रांगेच्या टोकाकडे पाहिलं. रांग अजून न सोललेल्या शेतात शिरत होती.

त्या उन्हाळ्यात तट वळत वळत मोठा होत गेला. रोज संध्याकाळी वाटायचं की उद्या मिटेल, आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी पुढे जायचा. तटाच्या बाहेरून खंदक होता. त्यातली माती काढून आतल्या बाजूला मेढींच्या बुंध्याशी बांध घातलेला होता. आत लांबच लांब घरांच्या खुणा: दोन बाजूंना खांबांच्या ओळी, मधोमध चुलींच्या लालभडक भाजलेल्या मातीचे डाग. एकेका घरात सहा-सात कुटुंबं राहत असतील, असं हेदर म्हणायची. मका, घेवडा, भोपळा पिकवणारे हे लोक इथल्या मूळ रहिवासी वेन्दात लोकांचे पूर्वज होते. आसपासची जमीन आणि जंगल थकलं की वीस-तीस वर्षांनी ते अख्खं गाव उचलून दुसरीकडे जात. पुढे त्यांचे वंशज उत्तरेकडे सरकले, सतराव्या शतकात लढाया आणि रोगराईत त्यांची वाताहत झाली, आणि त्यातले काही जण क्युबेकच्या बाजूला जाऊन राहिले. ते आजही तिथे आहेत.

माती कोरडी पडली की डाग फिके होत, म्हणून पाठीला पंप लावून पाणी फवारावं लागे. हे काम पद्मा मागून घ्यायची. फवारा पडला की एका क्षणात शेकडो वर्तुळं जमिनीतून वर आल्यासारखी गडद व्हायची, आणि थोड्या वेळाने उन्हात परत विरायची. मग ती पुन्हा फवारायची.

जेवणाच्या सुट्टीत हेदर कधी मधी आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगे. ती खणायला शिकली ती इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवर, मातीच्या आणि लाकडाच्या एका मध्ययुगीन किल्ल्यावर. मोठे दगडी किल्ले नंतरचे, ती म्हणाली. आधी बहुतेक असेच असत. खणून उभारलेली मातीची टेकडी, टेकडीवर सरदाराचा लाकडी मनोरा, खाली तटबंद अंगण, त्यात त्याचे शिपाई, तबेले, कोठार. तिथेही लाकूड गेलेलंच होतं, डागांवरूनच सगळं वाचायचं. त्या डागांनी तिला एक शिकवलं होतं. कुणाच्या वर कोण राहत होतं, हे माती फार स्पष्ट सांगते.

“आणि इथे?” पद्माने विचारलं.

हेदरने समोरच्या शेताकडे बघत सँडविच संपवलं. “इथे टेकडी नाही. मनोरा नाही. एक घर थोडं लांब, एक थोडं आखूड, इतकंच. मी आत्तापर्यंत अशी बरीच गावं खणली आहेत. तट सगळ्यांचा मिळून असतो.”

ही गोष्ट पद्माने रविवारी फोनवर आईला सांगितली. आई गावीच राहायची, दर रविवारी सकाळी मुलीच्या फोनची वाट बघत. शेतात किल्ला सापडलाय, त्यात राजा नाही, सगळे एकसारख्या घरात राहत होते, असं पद्मा भरभरून सांगत होती. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अन् कोटाच्या बाहेर कोन राहत होतं वो?”

तटाबाहेरचं अजून खणलंच नाही, असं पद्मा म्हणाली. तिने तो विचारच केला नव्हता.

आईच्या प्रश्नाने तिचा पिच्छा सोडला नाही. तटाबाहेरची पट्टीसुद्धा सोलायची होतीच. सप्टेंबरात यंत्र तिकडे वळलं. पहिले काही दिवस नुसती स्वच्छ पिवळी माती. पद्माला मनातल्या मनात सुटल्यासारखं झालं. आणि मग एका सकाळी, तटाच्या पश्चिमेला, खंदकाच्या पार पलीकडे, खांबांच्या दोन समांतर ओळी दिसल्या. घर. त्याच्या शेजारी दुसरं. आठवड्याअखेर तिथे तीन-चार घरं उभी होती, तटाच्या बाहेर, ओढ्याच्या उताराला लागून.

टोळीत सगळे खूश होते. इतकं मोठं गाव आजवर या ओढ्यावर कुणी पाहिलं नव्हतं. पद्मा मात्र त्या डागांपाशी उभी राहिली आणि तिला नाल्यापल्याडची आपली वस्ती दिसली. म्हणजे इथेही. समुद्रापलीकडे, आपल्या कुणाचं नावही न ऐकलेल्या लोकांतही, काही जण आत आणि काही जण बाहेर. तिने प्रफुल्लला घरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “काऊन इतकं मनावर घेतेस? अजून खणून तर होऊ दे.” पण तिने त्यानंतर आईजवळ किल्ल्याचा विषय काढला नाही. आईनेही विचारलं नाही. दर रविवारी दोघी ऊर्मीच्या बोलण्याबद्दल आणि गावच्या पावसाबद्दल बोलत राहिल्या.

बर्फ पडायच्या आत शेतावर जाड कापड आणि माती पसरली गेली. हिवाळाभर पद्मा ऑफिसच्या तळघरात खापऱ्या धूत बसली. तिथे एक गोष्ट तिच्या आणि हेदरच्याही लक्षात आली. बाहेरच्या घरांतल्या मडक्यांच्या काठांवरची नक्षी आतल्या घरांपेक्षा वेगळी होती. आतल्यांच्या काठावर तिरक्या रेघा, बाहेरच्यांच्या काठावर उभ्या, खाली ठिपक्यांची ओळ. हे लोक दुसरीकडून आले होते. लढायांचे दिवस होते. एखादं लहान गाव जळालं किंवा उठलं, आणि त्यातले लोक आसऱ्याला या मोठ्या गावापाशी आले, असं झालं असावं. असावं, हेदर म्हणाली. याहून जास्त बोलायला ती तयार नव्हती.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये पद्माला एका घरातल्या चुलीचा छेद घ्यायचं काम मिळालं. हे घर आतलं होतं, पण नंतर कधीतरी पश्चिमेला वाढवलेलं, इतकं की त्याचं टोक तटाच्या रेषेवर जाऊन पडत होतं. ही गोष्ट नकाशावर सगळ्यांना खटकली होती. घर आणि तट एकाच जागी कसे असतील? पद्मा गुडघ्यांवर बसून चुलीची भाजलेली लाल माती थापीने पातळ पातळ काढत होती. वीतभर खोल गेल्यावर लाल संपलं आणि खाली एक गोल तपकिरी डाग दिसला. बशीएवढा.

तिने हात थांबवला. आपण काय बघतोय हे तिला कळलं होतं, पण ते खरं वाटायला थोडा वेळ लागला. चुलीखाली तटाची मेढ होती. म्हणजे ही चूल पेटली तेव्हा तट इथे नव्हता. आणि डागाच्या कडा गाळाने हळूहळू भरल्यासारख्या नव्हत्या. एका बाजूने माती ढासळलेली होती, जशी खांब हलवून हलवून उपटताना ढासळते. लाकूड इथे कुजलं नव्हतं. ते कुणीतरी काढून नेलं होतं.

तिने हेदरला हाक मारली. हेदर गुडघ्यांवर बसली, बराच वेळ बघत राहिली, आणि मग उठून तिने यंत्रवाल्याला पश्चिमेच्या घरांच्याही पलीकडे, उताराच्या कडेपर्यंत सोलायला सांगितलं. त्यासाठी बिल्डरकडून जास्तीचे दिवस मागून घ्यावे लागले. ते मिळाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवा तट दिसला. जुन्या तटापासून सुटलेला, बाहेरच्या सगळ्या घरांना वळसा घालून परत जुन्या तटाला मिळणारा. तिहेरी, जुन्याइतकाच दणकट. मधला जुना तट उपटून टाकलेला, त्याच्याबाहेरचा खंदक बुजवून सपाट केलेला, आणि बुजवलेल्या खंदकावर लोकांनी पायवाटा पाडलेल्या, घरं वाढवलेली, चुली मांडलेल्या. त्या एका बाजूने गावाने आपला कोट मोडला होता आणि उपऱ्यांना आत घेऊन पुन्हा बांधला होता. टोळीतले सगळे जण फावडी खाली ठेवून नुसते उभे होते. एकदा कुणीतरी पाणी फवारलं, आणि नव्या तटाची सगळी वर्तुळं एकदम उजळली.

पद्माच्या डोळ्यांपुढे येत राहिलं ते त्यामागचं काम. दगडी कुऱ्हाडींनी पुन्हा हजारो झाडं तोडणं. खंदक बुजवणं, नवा खणणं, टोपल्यांनी माती वाहणं. शत्रू जवळपास असताना आपल्या तटाला भोक पाडणं. हे सगळं दुसऱ्या कुठल्या गावच्या, वेगळ्या नक्षीची मडकी वापरणाऱ्या माणसांसाठी. कुणी तरी एका संध्याकाळी हे सुचवलं असेल. कुणी विरोधही केला असेल. त्यांची नावं, त्यांचे शब्द, काही उरलं नाही. त्यांनी जे ठरवलं ते मातीत उरलं.

त्या रविवारी तिने आईला फोन केला. चुलीपासून नव्या तटापर्यंत तिने सगळं सांगितलं. लाइन कटली की काय म्हणून पद्माने दोनदा हॅलो म्हटलं.

“आयकू येते,” आई म्हणाली. मग, “भिंत पाडून घेतलं म्हन्तेस त्याह्यनं आत.” आणि फोन ठेवायच्या आधी तिने त्या लोकांचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. वेन्दात, पद्माने सांगितलं. आईने ते दोनदा म्हणून पाहिलं.

ऑगस्टच्या शेवटी शेत बिल्डरच्या ताब्यात जायचं होतं. सगळं मोजून, नोंदवून, खणून झालं होतं; यापुढे तिथे वाचवण्यासारखं काही उरणार नव्हतं. त्याच सुमारास वेन्दात समाजातले काही जण क्युबेकहून जागा बघायला येणार होते. एक-दोनदा ते आधीही येऊन गेले होते. त्यांना काय दाखवायचं, या विचारात टोळी पडली. खणून झालेली जमीन म्हणजे भोकं पडलेली माती. तेव्हा पद्माने सुचवलं, की ज्या खळग्यातून आपण माती काढली त्या प्रत्येक खळग्यात आपण एक खुंट रोवू या. मोजणीच्या लाकडी पट्ट्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे बिल्डरच्या यार्डात पडून होते. हेदरने विचारलं, इतकी माणसं कुठून आणणार?

माणसं ब्रॅम्पटनहून आली. प्रफुल्लने मंडळात शब्द टाकला, आणि शनिवारी सकाळी सात-आठ गाड्या शेताच्या कडेला लागल्या. सॉफ्टवेअरवाले, बँकवाले, डेंटिस्ट, त्यांच्या बायका, मुलं. आदल्या दिवसापर्यंत ज्यांना पद्मा नक्की काय करते हे सांगताना अडखळायला व्हायचं, ते हातोडे घेऊन उकिडवे बसले. ऊर्मी पट्ट्या वाहून द्यायला सगळ्यांच्या पुढे होती, प्रत्येकाला विचारत होती, “How many do you need?” जुन्या तटाची पश्चिम बाजू त्यांनी मोकळीच ठेवली. तिथे खुंट रोवायचे नाहीत, असं पद्माने सगळ्यांना बजावलं होतं, कारण ती भिंत काढलेली होती.

दुपार कलली तेव्हा शेवटची रांग पुरी झाली. सगळे जण मागे सरून उभे राहिले.

कंबरेएवढ्या उंचीच्या पांढऱ्या पट्ट्यांचा मेढेकोट त्या ओसाड शेतावर उभा होता. तीन रांगा, एकीमागे एक, वळत, दूर जात, उतारापाशी फुगून बाहेर येत. कागदावर सगळ्यांनी तो पाहिला होता. पण अंगाने त्याच्या आत उभं राहिल्यावर तो किती मोठा आहे, हे कुणालाच आधी कळलं नव्हतं. ओढ्याकडून वारा आला, तेव्हा पट्ट्या खळग्यांत हलून लांबवर बारीक खडखड होत गेली. पद्मा दाराच्या जागी उभी होती. तिला वाटलं, आता कुणी तरी आतून हाक मारील.

पाहुणे त्याच दारातून आत आले. त्यांच्यात मादलेन नावाची सत्तरीची बाई होती, फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलणारी, हातात काठी. तिने आपल्या लोकांबरोबर थोडा वेळ एका बाजूला उभं राहून आपल्या भाषेत काही म्हटलं. बाकी सगळे लांब थांबले. मग ती पद्माला म्हणाली की मला ती जागा दाखव. पद्मा तिला चुलीपाशी घेऊन गेली आणि जुनी रेषा, नवी रेषा, हाताने दाखवून सगळं सांगितलं. मादलेन ऐकत राहिली. तिने काठी पद्माकडे दिली आणि मोकळ्या सोडलेल्या जुन्या रेषेवरून ती सावकाश पलीकडे चालत गेली, नव्या तटापर्यंत, आणि परत आली.

“आम्ही कसे विखुरलो, हे मला लहानपणापासून शिकवलं,” ती म्हणाली. “शाळेत, चर्चमध्ये, पुस्तकात. कुणी मारलं, कुठे पळालो. आम्ही एकत्र कसे आलो होतो, ते मात्र मला आज पायांनी कळलं.”

पद्माने काठी परत दिली. मादलेनने ती घेताना पद्माचा हात, त्याच्यावरच्या घट्ट्यांसकट, आपल्या हातात धरला आणि तू कुठची, असं विचारलं. पद्माने आपल्या गावाचं नाव सांगितलं आणि मग नाल्यापल्याडच्या वस्तीचंही सांगितलं. किती समजलं कोण जाणे. पण त्या दोघी त्या जागी बराच वेळ बोलत उभ्या होत्या, असं प्रफुल्ल नंतर मंडळात सांगायचा.

सोमवारी पट्ट्या उपटल्या गेल्या आणि यंत्रं आली.

पद्मा त्या कामात राहिली. पुढे ती स्वतः टोळी चालवू लागली. ओंटारिओभर फिरली, अनेक गावांच्या खुणा तिने सोलून काढल्या. मोडून मोठा केलेला कोट तिला पुन्हा एकदाच दिसला. आई २००९ मध्ये गेली. मंडळात पद्माची ओळख करून देताना आता कुणी अडखळत नाही. उलट नव्या लोकांना तो शनिवार तिखटमीठ लावून सांगितला जातो आणि पट्ट्यांची उंची दर वर्षी थोडी वाढते.

२०११ च्या उन्हाळ्यात प्रफुल्लच्या ऑफिसातल्या रविकांतने नवं घर घेतलं. वास्तुशांतीला बोलावलं होतं. गाडी वळणं घेत वसाहतीत शिरली तशी पद्मा खिडकीबाहेर बघायला लागली. झाडं नव्हती, रस्ते नवे होते, पण दोन ओढ्यांची बेचकी ती कशी विसरेल? जेवणं झाल्यावर रविकांतची बायको सीमा तिला घर दाखवत होती. किचन, वरच्या खोल्या, मग बेसमेंट. बेसमेंटच्या पायऱ्या उतरताना पद्माच्या लक्षात आलं, की या खोलीच्या उंचीएवढं खणलं त्यात सगळंच गेलं, चुली, खळगे, खंदक, सगळं. ती वर येऊन मागच्या अंगणात गेली. ओढ्याचं वळण बघत दोन पावलं डावीकडे सरकली, थांबली.

सीमा मागोमाग आली. काही हरवलं का, असं तिने विचारलं.

“इथे जुना तट होता,” पद्मा म्हणाली. “आपण त्याच्या बाहेर आहोत. आणि नव्याच्या आत.”

सीमाला काही कळलं नाही, म्हणून पद्माने तिला पहिल्यापासून सांगितलं. सांगता सांगता पाहुण्यांपैकी आणखी काही जण बाहेर येऊन उभे राहिले. सीमाने मधेच कधी तरी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. नवा तट कुठून कुठे गेला होता, ते दाखव ना, असं ती म्हणाली. ते दाखवायचं तर शेजारच्या अंगणातून जावं लागत होतं, आणि मधे उंच लाकडी फेन्स होती. पलीकडे एक म्हातारे चिनी गृहस्थ टोमॅटोला पाणी घालत होते. एवढी माणसं फेन्सपाशी का जमली, ते त्यांना कळेना. रविकांतने कसंबसं समजावलं. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, आणि फेन्सच्या दाराची कडी काढली.